ओमुरालीनं पेरलेला लसूणघास

ओमुराली गेला त्या वर्षी आमच्या ताश-बुलाक गावात बर्फ उशिरा पडला, पण जमीन त्याआधीच दगड झाली होती. कबर खणायला गेलेली माणसं कुदळींचे दांडे मोडून परत आली. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुण्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा मागितली, आपापले घोडे सोडले, आणि त्याची बायको अनिपा घरात एकटी उरली.

तिचं घर गावाच्या खालच्या टोकाला, आमच्या कुंपणाला लागून. मी तिला एजे म्हणायची, थोरली बहीण. ती मला केंजे म्हणायची, धाकटी. माझं खरं नाव तिनं कधी घेतल्याचं आठवत नाही. ती तलासकडची, दोन घाट ओलांडून लग्न होऊन आलेली, आणि इतकी वर्षं होऊनही बोलण्यात तिकडचा हेल होताच. मूलबाळ नव्हतं. सासू जिवंत होती तोवर दर सणाला ओमुरालीला ऐकवायची, "हिला परत पाठव, दुसरी आण." ओमुराली ऐकून घ्यायचा, टोपी डोक्यावर ठेवायचा आणि घास कापायला निघून जायचा. त्याचं उत्तर तेवढंच.

सामुदायिक शेती मोडली तेव्हा ज्यानं त्यानं वरच्या अंगाची गव्हाची जमीन मागितली. ओमुरालीनं मागितली नदीकाठची ओलसर पट्टी, जी कुणालाच नको होती. लोक हसले. त्यानं तिथं लसूणघास पेरला. पोतं गळ्यात अडकवून, मुठीनं, एकट्यानं. पहिल्याच उन्हाळ्यात तो कमरेइतका आला, जांभळ्या फुलांनी भरला. दोन हिवाळ्यांसाठी त्यानं तो कापला, वाळवला, रचला. तिसरा हिवाळा त्याला मिळाला नाही.

त्यानंतर दर वसंतात अनिपा बांधावर जाऊन उभी राहायची. बर्फ वितळला की जुन्या बुडख्यांतून हिरवे कोंब यायचे. पुन्हा पेरावं लागायचं नाही, काही करावं लागायचं नाही. माणूस गेला तरी त्याच्या हातचं दरवर्षी उगवून यायचं.

माझा नवरा साबिर एकदा तिला म्हणाला होता, "एजे, घास म्हातारा झालाय. विरळ पडलाय बघ मधे मधे. नांगरून टाक, दोन वर्षं जव घे, मग परत पेरू. मी देतो की नांगरून."

"बघू पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षीही ती तेच म्हणाली. साबिरनं मग विषय काढला नाही.

तिच्याकडे थोड्या मेंढ्या होत्या. उन्हाळ्यात त्या गावच्या कळपाबरोबर वरच्या कुरणात जायच्या. शरदात कळप खाली आला की बाकीचे लोक आपल्या मेंढ्या डोंगरउतारावर, वाळक्या गवतावर ठेवायचे. अनिपाकडे मेंढ्यांना डोंगर चढवणारं कुणी नव्हतं, आणि गुडघा तिचा आधीच कुरकुरत होता. ती आपल्या मेंढ्या सरळ नदीकाठच्या लसूणघासात सोडायची. तिसऱ्या फुटीचा घास, कोवळा. लोकांना हेवा वाटायचा. एडका सोडण्याआधी मेंढी अंगानं भरली की जुळी देते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मग तो पावसाचा उन्हाळा आला. वाळत घातलेली पहिली कापणी जागेवर काळी पडली. दुसरी फूट आली तीच मलूल. एक दिवस अनिपानं मला कुंपणावरून हाक मारली.

"केंजे, जरा बघ गं हे. माझे डोळे की खरंच असं आहे?"

तिच्या हातात लसूणघासाची काडी होती. पानांवर तपकिरी ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, कुणी चहा शिंपडल्यासारखे. खालची पानं पिवळी पडून गळत होती. वरच्या पानांच्या कडा कुरतडलेल्या, अर्ध्या चंद्रासारख्या. शेंड्याला मावा चिकटलेला. माझी बोटं चिकट झाली.

"पावसानं झालं असेल," मी म्हणाले. "ऊन पडलं की जाईल."

"मेंढ्या खातायत. आवडीनं खातायत."

"मग झालं तर."

त्या शरदात तिनं नेहमीसारख्या मेंढ्या त्यातच चारल्या. बर्फाच्या तोंडावर सगळ्या गावानं, एडके वेळेआधी लागू नयेत म्हणून त्यांच्या पोटाखाली बांधलेले जाड लोकरीचे, नमद्याचे पट्टे सोडले, तिनंही सोडला. हिवाळ्याच्या मध्यावर ती मला गोठ्यात घेऊन गेली. "हात लावून बघ," म्हणाली. मेंढ्यांचे सड फुगले होते. इतक्या लवकर, इतके. तिचा चेहरा असा उजळला होता की ओमुराली गेल्यापासून तसा मी पाहिला नव्हता. "यंदा जुळी होणार, केंजे. सगळ्यांना जुळी." तिनं जुन्या कोटाचं अस्तर उसवून कोकरांना गुंडाळायला फडकी करून ठेवली.

वसंत आला. आमच्याकडे, शेजारी, वरच्या आळीत, सगळीकडे कोकरांचा ओरडा सुरू झाला. आम्हाला बायकांना जेवायला सवड नव्हती. अनिपाच्या गोठ्यात एक व्याली, मग बऱ्याच दिवसांनी दुसरी. मग कुणीच नाही. फुगलेले सड हळूहळू बसले. ती रोज सकाळी गोठ्यात जाऊन पोटांवर हात फिरवायची आणि बाहेर येऊन बादली धुवायची, बादलीत काही नसतानाही.

तिचा दीर जुमाश आणि त्याची बायको तुर्दुकान आमच्याच गल्लीत राहायचे. जुमाश बोलायला गमत्या, मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुझा एडका माझ्या वयाचा झालाय. त्याला आता चहा-नान दे, मेंढ्यांचं काम माझा करेल." दुसऱ्या वर्षी त्यानं खरंच आपला तरणा एडका दिला. त्या वर्षी पाऊस बेताचा होता, पण घासावर ठिपके होतेच, आधीपेक्षा लवकर आले. मावाही आला. वसंतात पुन्हा तेच. बहुतेक मेंढ्या रिकाम्या.

"माझ्या एडक्याची अब्रू घालवलीस की गं वहिनी," जुमाश सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले. अनिपाही हसली.

तुर्दुकान हसली नाही. ती विहिरीवर, मी तिथं असताना, हळू आवाजात म्हणाली, "एडक्याचा काय दोष? दोष हाताचा असतो. आमच्या सासूबाई सांगून सांगून दमल्या. पांढऱ्या पायाची ती. आधी घर रिकामं, आता गोठा रिकामा."

"असं बोलू नये, तुर्दुकान," मी म्हणाले.

"तू शेजारी आहेस, तुझ्या मेंढ्या सांभाळ म्हणजे झालं."

हे असलं बोलणं पावसासारखं असतं, कुठून शिरतं कळत नाही. कोकरं अडली की पूर्वी अनिपाला बोलवायचे. तिचा हात लहान आणि लांब बोटांचा, आडवं आलेलं कोकरू ती आत हात घालून सरळ करायची. त्या वर्षी कुणी बोलावलं नाही. तुर्दुकानच्या लेकीला मुलगा झाला, त्याला पाळण्यात घालायचा दिवस आला. बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळल्याचा वास अख्ख्या गल्लीत होता. अनिपानं डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल धुऊन वाळत घातला होता. बोलावणं आलं नाही. दुपारी मी परत आले तेव्हा ती अंगणात लोकर विंचरत बसली होती. मी रुमालात लपवून आणलेले बोरसोक तिच्यासमोर ठेवले. तिनं एक उचलला, मोडला आणि म्हणाली, "तेल चांगलं तापलं नव्हतं." बाकीचे तिनं कुत्र्याला घातले.

तिसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या इतरांचेही लसूणघास विरळ व्हायला लागले, तेव्हा मुखियानं शहरातल्या चारा-केंद्राकडे निरोप पाठवला. दामिरा नावाची बाई आली. पन्नाशीची, पुरुषी बूट घातलेली, आवाज मोठा. तिनं सगळी शेतं पाहिली आणि शेवटी अनिपाच्या पट्टीवर आली, कारण सगळ्यात वाईट अवस्था तिथं होती. मीही गेले.

दामिरानं फावड्यानं एक बुडखा उपटला, पाण्यात खळबळून धुतला आणि चाकूनं उभा चिरला. आतून मूळ तपकिरी, कुजलेलं. बाजूच्या मुळांवर जिथं गाठी असायला हव्या तिथं पोकळ टरफलं.

"सोंडकिडा," ती म्हणाली. "वर तो पानाची कड कुरतडतो, हे अर्धचंद्र त्याचेच. खाली मातीत त्याची अळी गाठी खाते, मूळ टोकरते. जखम झाली की त्या वाटेनं बुरशी आत शिरते. एकटी कीड असती तर झाड सावरलं असतं, एकटी बुरशी असती तरी कदाचित. दोघी मिळून आल्या की संपलं. किती वर्षांचा आहे हा घास?"

अनिपानं सांगितलं.

"बाप रे! इतकी वर्षं एकाच जागी? किडीला तुम्ही घर बांधून दिलंत, बाई. का नांगरला नाही?"

अनिपानं तो चिरलेला बुडखा हातात घेतला. मी मधेच दुसरं काहीतरी विचारलं. मग दामिरानं पान उलटं करून ठिपके पाहिले, माव्यावर बोट फिरवलं आणि एकदम विचारलं, "मेंढ्यांना हे हिरवं कधी चारता? एडका सोडायच्या आधी?"

"हो."

"कोकरं कशी येतात?"

अनिपानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येत नाहीत."

दामिरा बांधावर बसली. तिनं आम्हाला दोघींनाही बसवलं, लहान मुलींना सांगावं तसं सांगितलं. झाडाला पळता येत नाही. मावा चोखायला लागला, बुरशीनं पान धरलं, की झाड आपल्या बचावासाठी पानातच एक द्रव्य तयार करतं. माणसाला ते दिसत नाही, चवीला कळत नाही. पण मेंढीच्या पोटात गेलं की तिच्या अंगाची फसगत होते. बाईच्या अंगात जे द्रव्य मूळचं असतं, त्याच्यासारखंच ते वागतं. सड फुगतात, आणि ज्या वेळी बीज धरायचं त्या वेळी धरत नाही.

"आणि मग कायमचं?" अनिपानं विचारलं.

"नाही हो. खाणं बदललं की महिना-दीड महिन्यात अंग पूर्वीसारखं. निरोगी घास चारला तर हा प्रश्नच नाही. रोगट असेल तर एडक्याच्या दिवसांत लांब ठेवा, एवढंच."

"म्हणजे माझ्या हातानं नाही?"

दामिराला काही समजलं नाही. "हातानं म्हणजे?" ती म्हणाली. "हाताचा काय संबंध?"

दामिरा संध्याकाळच्या गाडीनं गेली. गावात ही गोष्ट सांगितली तेव्हा लोकांनी मान हलवली. तुर्दुकान म्हणाली, "घास खाऊन मेंढ्या वांझ होतात म्हणे! मग घोडे का नाही झाले? शहरात बसून काहीही सुचतं." जुमाश म्हणाला, "वहिनी, तू यंदा सगळ्या डोंगरावर ने, बघू या."

अनिपा म्हणाली, "सगळ्या नाही. अर्ध्या."

"अर्ध्या कशाला?" साबिर म्हणाला. "एजे, खाली ठेवशील त्यांची कोकरं हकनाक जातील. आधीच तुझं दोन वर्षं काही हाती आलं नाही."

"सगळ्या वर नेल्या आणि व्याल्या, तर म्हणतील वर्ष चांगलं होतं. नाही व्याल्या, तर माझा हात आहेच. अर्ध्या माझ्याबरोबर वर येतील. रोज माझाच हात त्यांच्यावर फिरेल. अर्ध्या खाली तुझ्याकडे राहतील, साबिर. माझ्या घासात. मी त्यांना शिवणारसुद्धा नाही. एडका दोन्हीकडे एकच." मग थोडं थांबून म्हणाली, "मला माहीत करून घ्यायचंय."

शरदात ती खरंच वर गेली. तेशिक खिंडीखाली मेंढ्या कोंडायचा एक जुना दगडी वाडगा आणि मेंढपाळाची झोपडी होती, छप्पर अर्धं पडलेलं. गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधून, काठी टेकत, आपल्या अर्ध्या मेंढ्या आणि कुत्रा घेऊन ती चढली. बाकीच्यांच्या मेंढ्या त्याच उतारावर, पण पलीकडच्या अंगाला असायच्या. त्यांचे मेंढपाळ संध्याकाळी एकत्र जमायचे, तिच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मी आठवड्याला एकदा घोड्यावरून तिला नान आणि चहापत्ती पोचवायची.

एकदा गेले तर ती चुलीपाशी बसून बोलत होती. मला वाटलं कुणी आलंय. आत कुणी नव्हतं.

"कुणाशी बोलतेस, एजे?"

"बोलायचं विसरायला होईल म्हणून बोलते." तिनं मला चहा ओतला, दूध घातलं, कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, पुढं केलं. "काल वारा इतका होता, कुत्र्यालाही आत घेतलं. त्याला सांगत होते तलासचं. आमच्याकडे सफरचंदं इतकी होतात की रानडुकरं खातात, असं मी सांगितलं, तर त्यानं जांभई दिली."

मी हसले. तिनं चुलीत गोवरी सारली.

"केंजे, मेंढीचं तर कळलं," ती म्हणाली. "घास होता. तिला सांगता येत नाही, पण दुसरं कुणी सांगितलं. माझं कुणी बघितलंच नाही. मलाही तेव्हा कुणी चिरून, धुऊन, प्रकाशात धरून सांगायला हवं होतं, हे अमुक आहे, हे तमुक आहे. कदाचित काही नसेलही. कदाचित त्याच्यात असेल. तो बिचारा कधी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. दोघंही घास कापत राहिलो."

मी तिच्या गुडघ्यावरचं फडकं सोडून पुन्हा नीट बांधून दिलं. निघताना ती वाडग्याच्या तोंडापर्यंत आली. मी वळणावर मागं पाहिलं तर अजून उभी होती.

वसंतात वरच्या मेंढ्यांपैकी एक सोडून सगळ्या व्याल्या. काहींना जुळी झाली. खालच्यांपैकी दोन व्याल्या, बाकी रिकाम्या, सड फुगलेले. सगळ्या गावानं येऊन पाहिलं. जुमाश दोन्ही वाडग्यांमधून हिंडला, टोपी मागं सारून म्हणाला, "म्हणजे माझा एडका शहाणाच होता. वहिनी, माझ्या वतीनं तुझ्या म्हाताऱ्या एडक्याची माफी माग." मग तो व्यालेल्या मेंढ्यांना पाणी आणायला स्वतःच बादली घेऊन गेला.

त्या शरदात ज्याच्या ज्याच्या घासावर ठिपके दिसले, त्यानं आपल्या मेंढ्या तिथून काढल्या. लोक कुंपणावरून अनिपाला हाक मारायचे. "एजे, हे पान बघ, हा तोच रोग का?" ती पान उलटं करून बघायची, सांगायची. माणूस "बरं" म्हणून निघून जायचा. ती उभी राहायची, अजून काही विचारेल म्हणून.

मला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. तिला दोष देणं लोकांनी सोडलं, पण तिच्याकडे जाण्याची सवय मोडली होती ती मोडलीच. तुर्दुकान वाटेत भेटली की तब्येत विचारायची. पुढच्या नातवाच्या वेळी बोलावणंही आलं. अनिपा गेली, दाराजवळच्या जागेवर बसली, बाळाला लांबून पाहिलं, आणि पहिला चहा झाल्यावर उठली. "गुडघा दुखतो," म्हणाली. कुणी बस म्हटलं नाही. जे झालं त्याबद्दल तुर्दुकान कधी बोलली नाही, आणि अनिपानंही तिला बोलायला लावलं नाही.

नांगरणीचं तिनं स्वतःच काढलं. शेवटची कापणी झाल्यावर साबिरला म्हणाली, "ट्रॅक्टर कधी मोकळा आहे?"

साबिर पट्टीत उतरला तेव्हा ती बांधावर उभी होती. नांगराचा फाळ आत गेला की जुनी मुळं तुटल्याचा आवाज यायचा, जाड दोर तुटावा तसा. तिनं सगळी नांगरणी पाहिली. मी म्हटलं, "एजे, चल, गारठा आहे." ती म्हणाली, "तू हो पुढं." साबिर सांगत होता, शेवटची फेरी झाल्यावर ती चाकोरीत उतरली, एक मूळ उचललं, बोटानं फोडून आत पाहिलं आणि टाकून दिलं. ते आतून तपकिरी होतं. बहुतेक सगळीच तशी होती.

दोन वर्षं तिनं तिथं जव घेतला. मग पुन्हा लसूणघास, पण पट्टीच्या अर्ध्या भागातच, आणि दर चार वर्षांनी जागा बदलून. पेरायला तिनं कुणाला बोलावलं नाही. पोतं गळ्यात अडकवून गेली आणि पेरून आली. घास वाकड्यातिकड्या पट्ट्यांत उगवला. जुमाश म्हणाला, "वहिनी, घास दारू पिऊन उगवलाय." ती म्हणाली, "मेंढ्या सरळ खातात, तेवढं पुरे."

आता मी मुलाकडे शहरात असते. साबिर गेला, घर विकलं, आमच्या त्या घरात आता कोण राहतं ते मला नीट माहीत नाही. नवीन लोक आहेत म्हणे, भले आहेत, पण मेंढ्या पाळत नाहीत. अनिपाला फोन लावायला मी मुलाला सांगते. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं.

परवा लावला होता. मी विचारण्याआधीच तिनं सांगितलं, पहिली कापणी झाली, वाळली, आत आली. पानांवर थोडे अर्धचंद्र होते, ठिपके नव्हते. मेंढ्या आता मोजक्याच आहेत. मी माझ्या नातीचं सांगितलं. मग दोघींचंही सांगून झालं.

"तिकडे ऊन आहे का गं, केंजे?" तिनं विचारलं.

"आहे."

"इथंही आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ आम्ही दोघींनी फोन तसाच धरून ठेवला.